वाईनरीचा कार्बन कमी करताना: काढणी ते काढणी, एक नोंदवही

ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी. आमचा आवाका असा: वर्षाला साठ हजार लिटर वाईन, म्हणजे ८०,००० बाटल्या. टाक्या स्टीलच्या, त्या गार ठेवणारं यंत्र (चिलर) एकच, बाटली भरायची लाइन जुनी. दिवस मोजले ते मागच्या द्राक्षकाढणीच्या शेवटच्या आठवड्यापासून.

दिवस १

शेवटच्या दोन टाक्या अजून आंबताहेत. सुरुवात त्यांच्यापासूनच केली, आणि तीच पहिली चूक. लिटरभर रसात २२० ग्रॅम साखर असली तर ती संपेपर्यंत शंभरेक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. खोलीच्या तापमानाला तो पन्नास लिटरच्या वर जागा व्यापतो. आमच्या साठ हजार लिटरला सहा टन! टाकीच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात, आवाज येतो, तेव्हा वाटलं की शत्रू हाच. नळी जोडली, मोठी पिशवी आणली, वायू साठवून अर्धवट भरलेल्या टाक्यांत वाईनवर पांघरायला वापरायचा, असा बेत.

दिवस ९

बेत गुंडाळला. पिशवीतल्या वायूला कुजक्या अंड्यांचा वास होता. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की ते हायड्रोजन सल्फाइड सोडतं, आणि ते वायूबरोबर पिशवीत आलं. ते धुवायला पाणी, कोळसा, पंप हवा. त्याहून वाईट म्हणजे तिसऱ्या दिवशी पिशवीची शिवण उसवली. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, जमिनीलगत साचला. गुडघ्याच्या उंचीवर लावलेला सेन्सर ओरडला म्हणून दारं उघडली. सेन्सर डोक्याच्या उंचीवर असता तर कळायला उशीर झाला असता. या वायूची कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५,०००) आहे, आणि ४०,००० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका समजतात. हे काम करणाऱ्यांनी आधी सेन्सर खाली लावा, मग बाकीचं.

रात्री हिशोबाचे नियम नीट वाचले. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेने २०११ मध्ये या धंद्यासाठी हरितगृह वायूंच्या मोजणीचा ठराव केला आहे. आंबवणीचा वायू वेलीने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, तो छोट्या चक्रातला मानतात, बेरजेत धरत नाहीत. म्हणजे नऊ दिवस मी अशा आकड्याच्या मागे धावलो जो वहीत शून्यच राहणार होता. विकतचा वायू वाचला असता तेवढाच काय तो फायदा.

दिवस १४

आता उलट्या बाजूने. वर्षभराची बिलं टेबलावर पसरली: वीज, डिझेल, खत, बाटल्या, खोके, दुरुस्ती. दोन दिवस गेले, त्यातला अर्धा दिवस ऑफिसचा मीटर वाईनरीच्या मीटरमधून वजा करण्यात.

काच: बाटली ५६० ग्रॅमची, ८०,००० बाटल्या, ४४.८ टन काच. पुरवठादाराने दिलेला गुणक (किलोमागे किती कार्बन डायऑक्साइड) किलोला किलोच्या आसपास, म्हणजे तितकेच टन.
वीज: ४५,००० युनिट. ग्रीडचा गुणक ०.५ धरला, साडेबावीस टन. ज्याने त्याने आपल्या ग्रीडचा धरावा.
डिझेल: ३,२०० लिटर. लिटरला २.६८ किलो, ८.६ टन.
युरिया: ८७० किलो, त्यात ४०० किलो नायट्रोजन. मातीतून त्याचा साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट भारी. १.७ टन. युरिया विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड धरला तर आणखी सहाशे किलोच्या वर.

वाटलं, झालं, काच आणि वीज. तेवढ्यात दुरुस्तीच्या फायलीत तीन पावत्या सापडल्या. "गॅस टॉप-अप, ३ किलो." तीनदा.

चिलरमध्ये आर-४०४ए हा थंड करणारा गॅस आहे. त्याचा गुणक, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट भारी तो आकडा, ३,९२२. नऊ किलो गुणिले ३,९२२, पस्तीस टन.

दोनदा गुणाकार केला. चिलरच्या पाइपांतून गुपचूप गेलेला नऊ किलो गॅस वर्षभराच्या विजेपेक्षा आणि डिझेलपेक्षा, दोन्ही मिळून, जास्त होता. वर्षानुवर्षं आम्ही त्याला "चिलर जरा गॅस खातो" म्हणत होतो.

दिवस १६

चोथ्याचा ढीग. बारा टनांच्या आसपास साल आणि बिया शेडमागे, पावसाने भिजलेल्या. फावडं आत घातलं तर काळपट, आंबट-घाण. हवा नाही तिथे मिथेन. काटक्या आणि वाळलेला पालापाचोळा मिसळून उपसला, दर आठवड्याला पलटायचं ठरवलं. पहिल्या दोन पलटण्या झाल्या, तिसरी राहिली. पुढे त्याची नोंद नीट ठेवलेली नाही, तेव्हा त्यावर आकडाही देत नाही.

दिवस ३८

गळती शोधायला मेकॅनिक आले. त्यांचा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर सगळीकडेच ओरडायला लागला. पाइपाजवळ, दाराजवळ, माझ्या हाताजवळसुद्धा. तासभर गोंधळ. मग लक्षात आलं: शेजारीच आम्ही वाईन एका टाकीतून दुसरीत घेत होतो, हवेत अल्कोहोलची वाफ होती. ते काम थांबवलं, पंखे लावले, अर्ध्या तासाने डिटेक्टर शुद्धीवर आला.

सापडलेल्या जागा तीन. सर्व्हिस पोर्टच्या व्हॉल्वची पिन झिजलेली. एक फ्लेअर नट, जो कॉम्प्रेसरच्या थरथरीने सैल होत होता आणि दरवेळी पाना लावून आवळला जात होता. पाइपाचं तोंडच चिरलं होतं. तिसरी, आणि सगळ्यात वाईट, गेजकडे जाणारी बारीक नळी. ती पत्र्याच्या कडेला घासून निम्मी कापली गेली होती. साबणाचं पाणी लावल्यावर तिथे मोहरीएवढे बुडबुडे येत राहिले, एकामागे एक, अगदी संथ. नऊ किलोंतला मोठा वाटा याच नळीतून गेला असणार.

मेकॅनिक म्हणाले, "साहेब, एवढं तर सगळीकडे गळतं."

उरलेला गॅस त्यांनी सिलिंडरमध्ये ओढून घेतला, हवेत सोडू दिला नाही. फ्लेअर काढून जोड ब्रेझिंगने पक्का केला, पिन बदलली, नवी नळी रबरी क्लिपांनी पत्र्यापासून दूर धरली. नायट्रोजन भरून रात्रभर दाब धरून ठेवला. सकाळी काटा जागेवर. मग व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस.

चिलर दोन दिवस बंद. मजुरीसकट खर्च वर्षाच्या वीजबिलाच्या सहा टक्के.

कमी गुणकाचा गॅस घालायचा विचार केला. आर-४४९ए चालतो, गुणक १,४०० च्या जवळ. पण व्हॉल्व पुन्हा जुळवायचा, तेल तपासायचं, आणि गळकी यंत्रणा गळकीच राहिली तर फक्त स्वस्तात गळणार. आधी गळती बंद, गॅस बदलायचं पुढच्या मोठ्या दुरुस्तीला. २०१६ च्या किगाली करारानंतर या जातीचे गॅस तसेही कमी होत जाणार. नवा चिलर घेताना प्रोपेनचा घेणार. तो ज्वालाग्राही, त्यामुळे यंत्र उघड्यावर बसवायचं, तेव्हा जागा आत्ताच राखून ठेवली.

दिवस ११२

चिलर ज्या कारणासाठी उणे ६ अंशांवर ग्लायकॉल (टाक्यांभोवती फिरणारं, न गोठणारं द्रावण) चालवतो ते कारणच काढता येतं का, हे पाहायचं. कारण एकच आहे: टार्टरचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे, खडे. बाटलीत काचेसारखे चमकणारे खडे दिसू नयेत म्हणून वाईन उणे ४ ला दहा-बारा दिवस ठेवून ते टाकीतच पाडायचे. ५,००० लिटर १४ अंशांवरून उणे ४ वर न्यायला १०५ युनिट उष्णता काढावी लागते, आणि मग ती टाकी बारा दिवस बाहेरच्या उन्हाशी भांडत असते.

पर्याय दोन होते. सीएमसी (सेल्युलोजचा डिंक) लाल वाईनमध्ये रंगासकट गढूळ होते, म्हणून बाद. दुसरा पोटॅशियम पॉलिअ‍ॅस्पार्टेट, युरोपीय संघात २०१७ पासून मान्य, मर्यादा हेक्टोलिटरला (शंभर लिटरला) १० ग्रॅम. तो खडे पाडत नाही, वाढू देत नाही.

पांढऱ्या वाईनच्या टाकीत घातला, पूर्ण मात्रा.

दिवस ११४

टाकी दुधी झाली.

टॉर्च लावून नमुना बघितला, चमचाभर दूध घातल्यासारखा. दादा (आमच्या सेलरमध्ये माझ्या आधीपासून आहेत) एवढंच म्हणाले, "थंडीत ठेवली असती तर निदान वाईन तरी दिसली असती."

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, लाज वाटायला लागला. हा पदार्थ वाईनमधल्या प्रथिनांशी जोडला जातो. म्हणून आधी बेंटोनाइट मातीने प्रथिनं काढायची, मग ८० अंशांवर तापवून तपासायचं, तापवण्याआधीच्या आणि नंतरच्या गढूळपणात २ एनटीयूपेक्षा (हे गढूळपणाचं एकक) जास्त फरक नको. मी ते केलं होतं. चाचणी ०.९ आली होती. पण चाचणीनंतर टाकी भरायला ४०० लिटर प्रेसची (दाबून काढलेली) वाईन त्यात मिसळली, तिला बेंटोनाइट लागलेलं नव्हतं, आणि मी पुन्हा तापवून पाहिलं नाही. आज तापवलं: ११.

दिवस १३१

बेंटोनाइट, गाळ बसायला वाट, वरची वाईन काढली. गाळात १५० लिटर गेले, टाकीच्या तीन टक्के. दोनशे बाटल्यांची द्राक्षं, त्यांचं डिझेल, खत, सगळं नाल्यात. पॉलिअ‍ॅस्पार्टेटची मात्रा आधीच पूर्ण झाली होती, दुसऱ्यांदा घालता येत नाही. म्हणून ही टाकी शेवटी जुन्या पद्धतीने उणे ४ वर. बारा दिवस. वीज वाचवायच्या प्रयोगातली ही सगळ्यात महाग टाकी.

बाकीच्या टाक्यांना क्रम उलटा: आधी सगळी मिसळ, मग बेंटोनाइट, मग तापवून चाचणी, मगच पॉलिअ‍ॅस्पार्टेट, आणि गाळण्याआधी दोन दिवस थांबायचं. सहा दिवस उणे ४ ला ठेवलेल्या नमुन्यात एकही खडा नाही. भिंतीवर मार्करने लिहून ठेवलं आहे: मिसळलं? पुन्हा तापव.

दिवस १४५

ग्लायकॉल उणे ६ वरून अधिक २ वर आणला. ठोकताळा असा की चिलरमधल्या गॅसच्या बाष्पीभवनाचं तापमान अंशभर वर गेलं की वीज दोन-तीन टक्के वाचते. चिलरला वेगळा मीटर लावला होता, सारख्या हवेच्या आठवड्यांची तुलना केली: दिवसाला ७४ युनिटवरून ५८. पाइपांवर नेहमी असणारा बर्फाचा थर गेला. तो थर म्हणजे चिलर शेडमधली हवाही गार करत होता, फुकट.

दिवस १५२ ते १६८

टाक्यांना वेष्टण. यावर जास्त लिहीत नाही, एकच चूक सांगण्यासारखी. पहिल्या दोन टाक्यांना फोमच्या पट्ट्या बांधल्या आणि वरून पत्रा. बाष्परोधक थर लावला नाही. आठवड्यात पत्र्याच्या खालच्या कडेने थेंब पडायला लागले. दमट हवा फटींतून आत जाऊन थंड स्टीलवर पाणी होत होती, फोम स्पंजासारखा फुगला होता, पिळला तर पाणी निघालं. ओला फोम उष्णता अडवत नाही. सगळं काढून वाळवलं, जोडांवर अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी, मग पत्रा. सोळा दिवसांतले सात या दुरुस्तीचे.

दिवस १९०

बाटली. इथे मी सगळ्यात कमी भांडण होईल असं धरलं होतं.

५६० ग्रॅमवरून ४१० ग्रॅमची निवडली. ८०,००० बाटल्यांवर १५० ग्रॅम म्हणजे १२ टन काच, म्हणजे तेवढेच टन कार्बन. बाटल्यांच्या वजनाबद्दल २०२३ मध्ये काही मोठ्या विक्रेत्यांनी करार केला, त्यात २०२६ अखेर सरासरी ४२० ग्रॅमच्या खाली आणायची आहे, तेव्हा आम्ही काही जगावेगळं करत नव्हतो. शँपेनच्या बाटलीच्या पोटात सहा वातावरणांचा दाब असतो, तरी २०१० मध्ये तिचं वजन ९०० वरून ८३५ ग्रॅमवर आणलं. आमच्या बाटलीत दाबच नाही, तिला एवढी जाड काच कशाला?

दादांचा मुद्दा वेगळा. "हातात घेतल्यावर हलकी लागली की गिऱ्हाईक म्हणणार, वाईनही हलकी." त्यांनी नवी बाटली तळव्यावर तोलली आणि टेबलावर ठेवली, जरा जोरातच.

चाचणीला ६०० बाटल्या लाइनवर सोडल्या.

पहिल्या दहा मिनिटांत धुण्याच्या यंत्रातून बाहेर आलेल्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावर हलायला लागल्या. जड बाटली हवेच्या झोताखालून सरळ येत होती, हलकी डोलत येते. एक वळणावर आडवी झाली, मागची तिच्यावर, मग एकापाठोपाठ एक, खणखणाट करत. पट्टा बंद करायचं बटण लाइनच्या दुसऱ्या टोकाला. मी पळेपर्यंत सतरा गेल्या. दिवसभरात फुटलेल्या एकूण ३१.

दिवस १९२

दुरुस्त्या, ज्या क्रमाने सुचल्या त्या क्रमाने, आणि तो क्रम चुकीचा होता. आधी वेग कमी केला, तासाला १,८०० वरून १,४०० बाटल्या. पडणं थांबलं, पण दिवस लांबला, म्हणजे पंप, कॉम्प्रेसर, दिवे जास्त वेळ. मग बाजूच्या पट्ट्या नव्या बाटलीच्या व्यासाला जुळवल्या. नवी बाटली अडीच मिलिमीटर बारीक आहे आणि आम्ही जुन्याच गाळ्यात चालवत होतो! हवेचा झोत कमी केला. धातूच्या कडांवर प्लास्टिकची पट्टी चढवली, कारण पातळ काचेवर ओरखडा पडला की ती तिथूनच फुटते. आता १,७०० वर चालते. बंद करायचं दुसरं बटण वळणापाशी बसवलं. ते वीस वर्षांपूर्वीच हवं होतं.

दिवस १९७

खोके विसरलो होतो. तेच अडीच मिलिमीटर. जुन्या खोक्याच्या कप्प्यात नवी बाटली खुळखुळते, ट्रकमध्ये चाचणी म्हणून पाठवलेल्या बारा खोक्यांत ७० बाटल्यांच्या लेबलांना काळे चट्टे. जाड पुठ्ठा घातला तर वाचवलेलं वजन परत. शेवटी कप्प्यांचं माप बदललं, खोकाही थोडा लहान झाला, एका फळीवर एक थर जास्त बसतो. यात माझं डोकं काही चाललेलं नाही, खोकेवाल्याने सुचवलं.

गिऱ्हाइकांची तक्रार: आजपर्यंत एकही नाही. एका दुकानदाराने विचारलं, बाटली बदलली का, लेबल खाली सरकलंय.

दिवस ३२९

नवी काढणी. अधिक २ च्या ग्लायकॉलचा खरा पेपर आता.

दिवस ३३४

नापास. तीन पांढऱ्या टाक्या एकाच दिवशी यीस्ट घालून सुरू केल्या, तिन्ही एकदम उसळल्या. लिटरभर रसातली साखर आंबताना इतकी उष्णता सोडते की काढली नाही तर तापमान जवळपास तीस अंशांनी चढू शकतं. पंधराला धरायची होती, रात्री दोन वाजता तिसरी टाकी २१ वर. ग्लायकॉल उणे १ वर आणला, बाहेरून पाण्याचा पाइप सोडला. सकाळी १७.

फळांचा वास थोडा उडाला, हे चाखून कळतं. ती टाकी वेगळी ठेवली आहे.

पुढच्या टाक्यांना यीस्ट दोन-दोन दिवसांच्या अंतराने. नऊ दिवस ग्लायकॉल उणे १ वर ठेवला, मग पुन्हा २. द्राक्षं पहाटेची तोडून आणली, थंडच येतात, चिलरचं पहिलं काम तिथेच कमी होतं. हे मात्र आधीच करायला हवं होतं. तोडणीवाल्यांशी पहाटेच्या वेळेबद्दल बोलायला मी टाळाटाळ करत होतो, आणि ते म्हणाले, ऊन लागत नाही, बरंच आहे की.

दिवस ३७१

वार्षिक सर्व्हिसिंग. मेकॅनिकने गेज लावलं, काटा पाहिला आणि सवयीने सिलिंडर पुढे ओढला, "थोडा टाकून देतो." सिलिंडर आधी वजनकाट्यावर ठेवायला लावला, नंतरही. फरक ३०० ग्रॅम. वर्षाचे नऊ किलो ते ३०० ग्रॅम, म्हणजे पस्तीस टनांवरून सव्वा टनाच्या आत.

पण ३०० ग्रॅम गेले कुठून? साबणाचं पाणी पुन्हा काढलं. ब्रेझिंगचे जोड कोरडे, नळी ठीक. सर्व्हिस पोर्टवर, बऱ्याच वेळाने, एक बुडबुडा. पिन नवी आहे, पण तिच्यावरचं पितळी टोपण नाही. मागच्या वेळी काढून ठेवलं ते बसवायचंच राहिलं. चिलरच्या पायामागे धुळीत सापडलं, कुणाच्या तरी बुटाखाली चेपलेलं, आटे बसत नाहीत. नवं उद्या येईल. जुनं टोपण खिळ्याला अडकवलं आहे, चिलरच्या वहीच्या वर.